न धरलेली खोली

घराची किंमत ठरवायला जाल तेव्हा आधी छत बघा, मग भिंती, आणि घरमालकाचं तोंड सगळ्यात शेवटी, असं ती हाताखालच्या नव्या लोकांना सांगायची. घरमालक गोड बोलतो, भिंतीला रंग फासता येतो, पण मान वर करून छताकडे बघायचं सहसा कुणाला सुचत नाही. त्यामुळे घरात जे काही झालंगेलं असेल ते छतावर तसंच राहतं. ओल कुठून आली, भिंत कुठली पाडली, कुठली नवी उभी केली, सगळं. बँका तिला व्हॅल्युअर म्हणत. ज्या गल्ल्यांतून ती पिशवी घेऊन फिरायची तिथले लोक मात्र मोजणीबाई म्हणत, आणि हे नाव तिला मनातून आवडायचं.

त्या दिवशीचं काम साधंच होतं. एका तरुण जोडप्याला घर घ्यायचं होतं, त्यासाठी कर्ज हवं होतं, आणि कर्ज देण्याआधी बँकेला घराची खरी किंमत कळायला हवी होती. जोडपं तिला बँकेत ओझरतं भेटलं होतं. बायकोला दिवस गेले होते. ती लाजत म्हणाली होती, "मागची खोली बाळाची करणार आहोत आम्ही. फार शांत आहे ती." मोजणीबाई हसली आणि पत्ता लिहून घेऊन निघाली.

थंडीचे दिवस होते. दुपार कलली होती आणि उन्हात आता काही दम उरला नव्हता. गल्लीत एकाला एक खेटून उभी असलेली सारखी घरं होती. पुढे चिमूटभर अंगण, मग बैठकीची खोली, झोपायची खोली, स्वयंपाकघर, बाथरूम आणि सगळ्यात मागे घराच्या रुंदीचा एक मोकळा बोळ. याच गल्लीतली आणखी घरं तिने पूर्वी मोजलेली होती, त्यामुळे डोळे मिटूनही ती आत फिरू शकली असती.

फाटकाशी घरमालक उभे होते. चष्म्याचं दुकान चालवणारे वयस्कर गृहस्थ. बोलता बोलता स्वतःचा चष्मा काढून पुसायची त्यांना सवय होती. शेजारी त्यांची बायको, अंगाभोवती घट्ट शाल. दोघं हल्ली दुसरीकडे भाड्याने राहत आणि हे घर बरीच वर्षं बंद होतं, एवढं बँकेने सांगितलं होतं.

"काकू, तुम्ही येत नाही आत?" मोजणीबाईने सहज विचारलं.

बायकोने शाल आणखी घट्ट ओढली. चष्मेवाले काकाच म्हणाले, "तिला गारठा सोसत नाही."

गारठा सोसत नाही म्हणून बाई उघड्यावर उभी राहणार, हे काही तिच्या डोक्यात शिरलं नाही. पण दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं ते भिंतींपुरतं, माणसांपुरतं नाही, हा तिचा नियम होता.

आत बंद घराचा वास होता. धूळ, जुना रंग, कुबट लाकूड. तिने पिशवीतून लेझरचं मीटर काढलं. ते एका भिंतीला टेकवायचं, बटण दाबायचं, समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडतो आणि अंतराचा आकडा दिसतो. बैठकीची खोली नकाशाबरहुकूम. झोपायची खोली नकाशाबरहुकूम. स्वयंपाकघरही. घर जुनं असलं तरी खणखणीत होतं, आणि वीटनवीट जागच्या जागी असल्याचं बघून तिला बरं वाटलं.

स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीत, बाथरूमच्या दाराला लागून, आणखी एक दार होतं. मूळ नकाशात त्या दारापलीकडे मोकळा बोळ होता. तिने दार ढकललं. पलीकडे खोली होती.

"काका, ही नकाशात नाही."

"नंतर काढली." ते स्वयंपाकघरातच थांबले होते, उंबऱ्यापासून जरा मागे. "तेव्हा सगळी गल्लीच काढत होती."

"परवानगी?"

"घेणार होतो. आधी कळस, मग पाया, असं झालं खरं."

असल्या वेळी काय बोलायचं ते तिला पाठ होतं. तिने ते शक्य तेवढं मऊ करून सांगितलं. "मग ही मला धरता येणार नाही. मंजूर नकाशात जेवढं घर, तेवढंच बँकेसाठी घर. उलट उद्या पालिकेने पाडा म्हटलं तर पाडायचा खर्च येणार, तोही किमतीतून वजा करावा लागतो. शेजारच्या घराला जेवढी किंमत येईल तेवढी या घराला नाही यायची. त्यांचा बोळ निदान मोकळा आहे."

"म्हणजे खोली वाढवली आणि किंमत घटली."

"न विचारता वाढवली म्हणून."

इथे लोक भांडायला उठतात. सिमेंटचा भाव सांगतात, गवंड्याची मजुरी सांगतात, अमक्याच्या घराला कशी किंमत मिळाली ते सांगतात. चष्मेवाल्या काकांनी यातलं काही केलं नाही. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले.

"किमतीचं नाही हो म्हणत मी. कमीच लावा. पण खोली धरा. आमची लेक राहायची तिथे. मोठ्या परीक्षेला बसली होती, घरात सारखी ये-जा, अभ्यास होईना, म्हणून काढली ही. ती गेली. आणि आता तुम्ही म्हणता, खोली नव्हतीच."

"नव्हती असं नाही म्हणत, काका. धरता येत नाही म्हणते."

हे बोलून झाल्यावर तिचं तिलाच ते कसंतरी वाटलं. तिने विचारलं, "कशाने गेल्या?"

"अंघोळीला गेली होती. हृदय बंद पडलं म्हणाले." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "थंडीच होती अशी. तुम्ही बघून घ्या. मी पुढे बसतो."

खोली धरायची नसली तरी बघावी लागतेच, कारण पाडायचा खर्च काढायला मापं लागतात. ती आत गेली.

खोली रिकामी होती. टेबल जिथे असेल तिथे भिंतीवर कोपरांनी झिजलेला पट्टा होता. वर कागद चिकटवल्याच्या पिवळट खुणा. मागच्या बाजूला एकच लहान खिडकी, बंद. पहिल्यांदा तिला जाणवली ती ऊब. बाहेर हातपाय गारठत होते, आणि इथे कुणी नुकतंच उठून गेल्यासारखं ऊबदार होतं. मग जाणवलं की इथे वास नाही. बाकीच्या घराला जो बंद घराचा वास होता, तोही नाही. कसलाच नाही.

तिने मीटर भिंतीला टेकवलं आणि बटण दाबलं. आकडा आला तो जेमतेम अर्ध्या खोलीचा.

यंत्रं दगा देतात, ही काही नवी गोष्ट नव्हती. तिने पुन्हा दाबलं. तोच आकडा. तेव्हा तिने समोरच्या भिंतीवर लाल ठिपका शोधला. भिंतीवर ठिपका नव्हता. खोलीच्या मधोमध, जिथे काहीही नव्हतं तिथे, साधारण खांद्याच्या उंचीवर, तो हवेत थांबला होता. आणि तो स्थिर नव्हता. माणूस श्वास घेतो तेव्हा खांदा जसा हलकेच वर येतो आणि खाली जातो, तसा तो वर येत होता... आणि खाली जात होता.

तिने यंत्र बंद केलं. आरडाओरडा करायचा तिचा स्वभाव नव्हता. इतक्या वर्षांत तिने गळक्या गच्च्या पाहिल्या होत्या, तळघरातले साप पाहिले होते, जप्तीच्या घरात रडणारी म्हातारी माणसं पाहिली होती. तिने पिशवीतून जुनी पोलादी टेप काढली आणि भिंतीच्या कडेकडेने मापं घेतली. खोलीच्या मध्यातून मात्र ती गेली नाही.

बाथरूमकडच्या भिंतीशी आली तेव्हा डोकं जड झालं होतं. जागरण झाल्यावर होतं तसं. तिरप्या उजेडात रंगाखाली एक रेघ दिसली. तिने बोटाने तिचा माग काढला. रेघ वर गेली, आडवी गेली, खाली आली. चौकट. मूळ नकाशात बाथरूमची खिडकी इथेच होती, मोकळ्या बोळात उघडणारी. बोळाची खोली झाली, आणि लेकीच्या खोलीत वाफ नको म्हणून कुणीतरी ती खिडकी विटांनी बुजवून टाकली होती.

इथूनच तिने मागे फिरायला हवं होतं. पण बुजवलेली खिडकी दुसऱ्या बाजूनेही बघायची असते, तिच्या कामात अर्धवट बघणं म्हणजे न बघण्यासारखंच. ती स्वयंपाकघरात आली आणि बाथरूममध्ये शिरली.

खिडकीच्या जागी नव्या फरशा होत्या, जुन्यांपेक्षा किंचित पांढऱ्या. शेजारच्या भिंतीवर गॅसचा गीझर टांगल्याची भोकं आणि बूच मारलेल्या दोन नळ्या. गीझर केव्हाच काढलेला. तिने फरशीवर टकटक केलं. मागे दार लागलं, कसलाही आवाज न होता, जसं कुणीतरी अंघोळीला आल्यावर सवयीने लावून घ्यावं.

तिने भिंतीवर तसाच राहिलेल्या जुन्या आरशात पाहिलं. आरशावर वाफ धरली होती.

वर्षानुवर्षं या घराचं पाणी बंद होतं. तरी आरशावरची वाफ दाट होत होती, काचेवरून थेंब ओघळत होते, आणि कुठूनतरी अगदी बारीक आवाज येत होता... सूं... सूं... गॅस पेटल्यावर येतो तसा. तिने भोकांच्या भिंतीकडे पाहिलं. भिंत कोरडी आणि रिकामी होती. पण आरशात, वाफेच्या पलीकडे, त्याच भिंतीवर लहानशी निळी ज्योत जळत होती.

ती कडीकडे हात न्यायला गेली. हात वर उचललाच जाईना. ती भिंतीला पाठ लावून खाली बसली. भीती वाटत होती, पण दुरून, दुसऱ्याच कुणाची वाटावी तशी. इथेच जरा डोळा लागला तर बरं, असं वाटत होतं... फक्त जरासा...

मग तिच्या शेजारी, अगदी कानाशी, कुणीतरी बोललं.

"आई... टॉवेल दे ना गं."

घाबरलेला आवाज नव्हता. लाडात, थोडा हेल काढून, घराघरांतून रोज येते तशी हाक. काही वेळ नुसती सूं सूं. मग पुन्हा, जरा ओढलेली,

"आई... टॉवेल..."

मोजणीबाईने ओरडायचा प्रयत्न केला. ओठ हलले की नाही ते तिला कळलं नाही. शेजारचा आवाज आता नुसता श्वास झाला होता.

"आई..."

बाहेर पावलं वाजली, धावती. भांड्यांच्या कट्ट्याला कुणीतरी धडकलं. दार खाडकन उघडलं आणि उजेडात चष्मेवाल्यांची बायको उभी होती. अंगावरची शाल तिने काढली होती आणि दोन्ही हातांवर पुढे धरली होती, दाराच्या फटीतून टॉवेल द्यावा तशी. डोळे कुणाकडेच नव्हते. ती म्हणत होती, "आले... आले गं... हे बघ, आले."

मोजणीबाई भानावर आली तेव्हा ती पुढच्या पायरीवर बसलेली होती. अंगावर ती शाल होती. थंड वारा तोंडावर लागत होता आणि डोकं ठणकत होतं. चष्मेवाले काका शेजारून आणलेला पाण्याचा पेला घेऊन उभे होते. "मी बैठकीतच होतो," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "मला तर काहीच ऐकू आलं नाही. ही फाटकावरून पळत आली."

त्यांची बायको पायरीवर तिच्या शेजारी टेकली होती. ती आपणहून बोलायला लागली, समोर बघत.

"त्या दिवशी मी फोनवर होते, ताई. तिने टॉवेल मागितला. आले म्हटलं आणि बोलत राहिले. दुसऱ्यांदा हाक आली, तेव्हा म्हटलं, थांब की जरा. तिसऱ्यांदा टॉवेल म्हणालीच नाही. नुसतं आई म्हणाली. गेले तोवर संपलं होतं. तेव्हापासून आजपर्यंत मी या घरात पाऊल टाकलं नव्हतं. बाहेरून ऐकू येतंच."

मोजणीबाईने आत काय ऐकलं ते अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. आताही सांगितलं नाही. तिने वेगळंच विचारलं.

"काकू, बाथरूमची खिडकी कधी बुजवली?"

"खोली काढली तेव्हाच. यांनी गवंड्याला सांगून बुजवून घेतली."

"आणि गीझर गॅसचा होता?"

"हो."

माणसांत नाक खुपसायचं नाही, हा आपला नियम मोजणीबाईला आठवला. पण बँकेत भेटलेली ती पोटुशी बाई तिच्या डोळ्यांसमोर आली, आणि मग तिला गप्प राहता येईना. "गॅसचा गीझर असला की तिथली खिडकी बुजवत नाहीत. विषारी वायू कोंडतो. त्याला वास नसतो, कळतही नाही, नुसती झोप येते. परवानगीसाठी नकाशा दिला असता, तर तपासणाऱ्याने पहिली हीच गोष्ट अडवली असती. तुमच्या लेकीचं हृदय उगीच बंद पडलं नाही, काकू. आणि तुम्हाला उशीर झाला म्हणूनही नाही."

गल्लीतून एक सायकल गेली. बायकोने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली. "गीझर तुम्ही दुसऱ्याच दिवशी काढलात."

त्यांनी हातातला पेला पायरीवर ठेवला.

"मला वाटलं, बघवत नाही म्हणून काढलात."

चष्मेवाल्या काकांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागले. पुसतच राहिले. शेवटी एक काच चौकटीतून निसटली आणि पायरीवर पडली. फुटली नाही. ती उचलायला मात्र दोघांतलं कुणी वाकलं नाही.

मोजणीबाईने काम चोख केलं. मागची खोली धरली नाही, पाडायचा खर्च वजा केला, आणि बुजवलेली खिडकी उघडल्याशिवाय या घरावर कर्ज देऊ नये असं बँकेला स्पष्ट कळवलं. त्या तरुण बाईला ती स्वतः भेटून सांगून आली. घराची किंमत गल्लीतल्या सगळ्या घरांच्या खाली आली. काकांनी घासाघीस केली नाही. त्यांनी माणसं लावून खोली पाडून घेतली. शेजारी सांगत होते की खिडकीच्या विटांवर पहिला घाव म्हाताऱ्याने स्वतः घातला, आणि वीट निघाल्यावर त्या भोकाला तोंड लावून बराच वेळ उभा होता.

पुन्हा तपासणीला ती गेली तेव्हा काकू आत होत्या. स्वयंपाकघराच्या कट्ट्यापाशी स्टूल घेऊन शांत बसलेल्या. काका फाटकाबाहेर उभे होते, आणि कुणी त्यांना आत या म्हणत नव्हतं. मागचा बोळ मोकळा झाला होता. बाथरूमच्या खिडकीतून आभाळाचा तुकडा दिसत होता. आरसा कोरडा होता. मीटरचा लाल ठिपका गेला तो थेट समोरच्या भिंतीवर.

"आता काही ऐकू येत नाही," काकू म्हणाल्या. ते सांगताना त्यांना बरं वाटत होतं की वाईट, ते मोजणीबाईला ओळखता आलं नाही. पुढे जोडप्याला कर्ज मिळालं आणि घर त्यांचं झालं.

एवढ्यावर ही गोष्ट मिटायला हरकत नव्हती. पण त्या पहिल्या संध्याकाळी, डोकं ठणकायचं थांबेना म्हणून, मोजणीबाई घरी जाताना ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली होती. त्यांनी रक्त तपासायला घेतलं, आणि अहवाल आल्यावर कपाळाला आठ्या घालून विचारलं, "तुमच्याकडे गॅसचा गीझर आहे का? रक्तात कार्बन मोनॉक्साइड आहे. बंद खोलीतल्या धगीचा वायू."

"माझ्याकडे नाही. आणि जिथे गेले होते तिथला काढून वर्षं झाली."

"मग गाडीचा धूर असेल. मोकळ्या हवेत राहा. एक रात्र गेली की रक्तातून आपसूक निघून जातो तो."

डोकं खरंच सकाळपर्यंत उतरलं. डॉक्टरीणबाईंनी खात्रीसाठी पुन्हा रक्त बघितलं. वायू तेवढाच होता. खोली पाडल्यानंतर बघितला, तेव्हाही तेवढाच. त्यांना वाटलं, प्रयोगशाळेचं चुकलं असेल, म्हणून दुसरीकडे पाठवलं. तिथूनही तोच आकडा आला. मोजणीबाईला काही होत नव्हतं. जेवण जात होतं, जिने चढता येत होते, कामं चालू होती. थंडी सरली. झाडांना पालवी आली.

परवा डॉक्टरीणबाईंनी तिला पुन्हा बोलावून घेतलं. नवा कागद त्यांनी बराच वेळ न्याहाळला आणि मग टेबलावर पालथा ठेवला.

"मला याचा अर्थ लागत नाही," त्या म्हणाल्या. "हे हिंडत्याफिरत्या माणसाचं रक्त नाही. तुम्ही अजून त्या बंद बाथरूममध्येच बसलेल्या आहात, असं हे रक्त म्हणतंय."

दवाखान्याची खिडकी सताड उघडी होती. वाऱ्याने पडदा उडत होता, टेबलावरचे कागद फडफडत होते, डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यावर हात ठेवला. मोजणीबाई खिडकीच्या अगदी समोर बसली होती. तिच्या कपाळावरचा एक केसही हलत नव्हता.